जुनं सिंगल-इंजिन विमान: घेताना काय बघायचं, घेतल्यावर कसं सांभाळायचं

एकाच मॉडेलची दोन विमानं विकायला आली आहेत. पहिल्याच्या लॉगबुकात नऊ हजार तास, रंग उडालेला, सीटची कव्हरं उसवलेली, पण विमान दर आठवड्याला उडालेलं. दुसऱ्याचे तास जेमतेम अठराशे, रंग चकचकीत, आणि गेली आठ वर्षं हँगरमध्ये कव्हरखाली. नवखा माणूस दुसऱ्याकडे धावतो. मीही धावलो होतो. पहिल्या पन्नास तासांतच इंजिन उतरवावं लागलं. कॅमशाफ्टला, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, गंज धरला होता, कॅमचे उंचवटे खरवडले गेले होते आणि त्यांची चुरी ऑइलबरोबर सगळ्या इंजिनात फिरली होती.

कारण साधं आहे. लायकमिंग कंपनीच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर बसवलेला असतो. इंजिन बंद झालं की ऑइल निथळून खाली जातं आणि काही आठवड्यांत कॅम जवळपास उघडा पडतो. आत कोंडलेली वाफ त्यावर बसते, गंजाचे बारीक ठिपके पडतात, आणि पुढे इंजिन सुरू झालं की ते ठिपके टॅपेटला (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाला) कानस लावल्यासारखे घासतात. काँटिनेंटल या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांत कॅम खाली असल्याने त्याला थोडं संरक्षण मिळतं, पण त्यांचे सिलिंडर गंजतातच. उडून झिजलेलं विमान बहुतेक वेळा दुरुस्त होतं. उभं राहून सडलेलं विमान खिसा रिकामा करतं. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

कागद आधी, विमान नंतर

सेस्ना १७२ बाजारात आलं १९५६ मध्ये. १९८६ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, ते १९९६ मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणजे 'जुनं १७२' म्हटलं की बहुधा चाळीस वर्षांच्या पुढचं. पायपर चेरोकी आणि बीचक्राफ्ट बोनान्झाचंही तसंच. एवढ्या काळात विमानाने दहा मालक बघितलेले असतात आणि त्या सगळ्यांच्या सवयी लॉगबुकात उतरलेल्या असतात.

म्हणून विमान बघायला जाण्याआधी लॉगबुकांच्या प्रती मागवा. विमानाची, इंजिनाची आणि प्रॉपेलरची नोंदवही वेगवेगळी हवी. त्यातून एक साधा तक्ता काढा: वर्ष, आणि त्या वर्षी उडालेले तास. सलग तीन-चार वर्षं पाच-सात तासच दिसले तर तिथे लाल खूण करा. मधलं एखादं लॉगबुक 'हरवलं' असेल तर ते बहुधा अपघाताच्या काळातलंच असतं, असं धरून चाला. पंख बदलल्याची नोंद आहे पण कशामुळे बदलला याची नाही, हेही त्यातलंच.

'ओव्हरहॉलनंतर फक्त ३०० तास' अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न: ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, कुठल्या साली? ओ-३२० आणि ओ-३६० या लायकमिंग इंजिनांसाठी कंपनीची शिफारस साधारण २००० तास किंवा १२ वर्षं, यांपैकी जे आधी येईल ते, अशी आहे. खासगी वापरात ही मर्यादा सगळीकडे सक्तीची नसते. तुमच्या देशाच्या नियामकाचं म्हणणं काय ते बघा. पण एकोणीस वर्षांत ३०० तास चाललेल्या इंजिनाला मी नवं इंजिन म्हणत नाही. 'टॉप ओव्हरहॉल' या शब्दालाही भुलू नका. त्यात फक्त सिलिंडरांचं काम होतं. क्रँक, कॅम आणि बेअरिंग होती तशीच राहतात.

मग एडी, म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. एखाद्या मॉडेलमध्ये धोकादायक दोष आढळला की नियामक हा आदेश काढतो आणि तो पाळावाच लागतो. काही एडी एकदा काम केलं की संपतात, काही ठरावीक तासांनी पुन्हापुन्हा येतात. विकणाऱ्याने दिलेल्या यादीवर विसंबू नका. विमान, इंजिन, प्रॉपेलर, मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग), कार्बोरेटर या प्रत्येकाचा मॉडेल आणि सिरियल नंबर घेऊन यादी स्वतः काढा. प्रत्येक एडीसमोर ते कधी केलं, कोणत्या पद्धतीने केलं आणि पुढची तारीख कोणती, हे लिहिता आलं पाहिजे.

दोन उदाहरणं देतो. जुन्या सेस्नांमध्ये सीट ज्या रुळांवर सरकते त्यांची भोकं झिजून लांबट होतात, खिळा नीट बसत नाही, आणि नेमकं टेकऑफला नाक वर होताना सीट मागे घसरते. वैमानिकाचा हात योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, असतो. तो योकसकट मागे जातो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन कोसळतं. यावर १९८७ मध्ये एडी निघाली आणि २०११ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. विमान बघायला गेलात की सीटवर बसून पाय पेडलवर रोवा आणि पाठीने जोरात मागे रेटा. शोभेचं काही नाही, पण दहा सेकंदांत बरंच कळतं.

दुसरं उदाहरण माझ्याच सिद्धांताच्या विरोधातलं आहे. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ प्रशिक्षणाच्या एका पायपर पीए-२८ चा (चेरोकीच्याच कुळातलं विमान) पंख उडता-उडता निखळला आणि आतले दोघे गेले. मुख्य स्पारच्या (पंखातल्या तुळईच्या) खालच्या पट्टीत, बोल्टच्या भोकापासून, थकव्याची भेग वाढत गेली होती. त्यानंतर एफएए या अमेरिकेच्या नियामकाने या कुळातल्या अनेक विमानांच्या स्पारची एडी-करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने धातूतली भेग शोधणं; आदेशाच्या 'एडी'शी या नावाचा संबंध नाही) सक्तीची केली. म्हणजे खूप उडालेलं विमान चांगलं हे खरं, पण ते कसं उडालं हेही विचारायचं. रोज वीस-वीस टच-अँड-गो (टेकून न थांबता लगेच पुन्हा उडणं), किंवा कमी उंचीवरच्या खडबडीत हवेत पाइपलाइनची गस्त, यांनी धातू थकतो.

विमान उघडून बघणं

खरेदीपूर्व तपासणी त्या मॉडेलची सवय असलेल्या मेकॅनिककडून करून घ्या, आणि तो त्या विमानाच्या वार्षिक तपासणीवर आजवर सही करत आलेला नसावा. स्वतःच्या सहीविरुद्ध कोण बोलणार?

ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो. तो पांढऱ्या भुकटीसारखा दिसतो, किंवा रंगाखाली किड्यासारख्या वळवळत्या रेघा उठतात, किंवा पत्रा पापुद्र्यासारखा फुगतो. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. त्याला शोधायचं ते गालिच्याखाली, बॅटरीच्या पेटीभोवती, पंख जिथे जोडला जातो तिथे, चाकांच्या खोबणीत आणि शेपटीच्या आत सगळ्यात खाली, जिथे पाणी साचतं. रिव्हेटच्या मागे काळपट धुराची रेघ ओढल्यासारखी दिसली तर तो रिव्हेट सैल होऊन हलतोय. उंदराचं घरटं सापडलं तर हसू नका. उंदराच्या मुताने पत्रा आरपार गेलेला मी पाहिला आहे.

लायकमिंग असेल तर कॅम बघण्याची सोय करा. एक सिलिंडर काढून बघणं हा खात्रीचा मार्ग. मालक त्याला तयार झाला नाही तर निदान ऑइल फिल्टर कापून दाखवायला सांगा. यालाही मालक नाही म्हणाला तर मी तिथूनच परत फिरतो.

विमान उभं ठेवू नका. ठेवायचंच तर नीट ठेवा

महिन्यातून एकदा तरी सलग तासभर उडवा. ऑइलचं तापमान ७४ ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोचलं पाहिजे, तरच आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. 'उडायला वेळ नाही, जमिनीवरच दहा मिनिटं चालवून घेतो' हा प्रकार न चालवण्यापेक्षा वाईट. त्यात ज्वलनातून नवीन पाणी तयार होतं, आणि ते उडवून लावण्याइतकं ऑइल तापत नाही. प्रॉपेलर हाताने फिरवून ठेवण्याची जुनी सवयही सोडा. त्याने ऑइल चढत नाही, उरलासुरला थर मात्र पुसला जातो. शिवाय मॅग्नेटो जिवंत राहिला असेल तर हात जातो.

दोन-तीन महिने उडवणं जमणारच नसेल तर संरक्षक ऑइल भरून घ्या, वरच्या प्लगच्या जागी ओल शोषणारे प्लग लावा, एक्झॉस्ट आणि हवेची तोंडं बंद करा. त्या बुचांना लांब लाल फिती बांधा. फिती नसलेलं बूच घेऊनच टेकऑफला निघालेले लोक असतात.

ऑइल: मालकाने स्वतः शिकायचं पहिलं काम

पूर्ण फिल्टर असेल तर दर ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर दर २५ तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी ऑइल बदलायचं. बहुतेक मालकांना ही चार महिन्यांची अट माहीतच नसते. पुढचं काम तुमच्या देशात मालकाला स्वतः करायची परवानगी आहे का, हे आधी बघा. नसेल तर मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा.

इंजिन गरम असतानाच ऑइल काढा, म्हणजे गाळ तळाशी बसण्याआधी वाहून जातो. पहिली धार जाऊ द्या आणि मधल्या धारेतून प्रयोगशाळेसाठी नमुना घ्या. फिल्टर काढलात की खरी मजा. तो हॅकसॉने कापू नका. करवतीचाच कीस आत पडतो आणि मग घाबरून रात्री झोप लागत नाही. फिल्टर कापायचं वेगळं कटर मिळतं, तेच वापरा. आतला घड्या घातलेला कागद धारदार सुरीने दोन्ही कडांना कापून काढा, पांढऱ्या पसरट भांड्यात स्वच्छ सॉल्व्हंट घेऊन खळखळून धुवा, आणि ते द्रव कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. तो कागद उन्हात नेऊन तिरपा धरा. काळे ठिसूळ कण दिसतील. बोटाने चिरडले गेले तर तो कार्बन, काळजी नको. चकाकणारं काही दिसलं तर प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून फिरवा. चिकटलं तर लोखंड, म्हणजे कॅम, टॅपेट किंवा सिलिंडर. न चिकटणारं चंदेरी असेल तर ॲल्युमिनियम: पिस्टन, किंवा पिस्टन पिनची टोकाची टोपी. दोन-चार बारीक चमचम कण आले म्हणून इंजिन उतरवत नाहीत. ते जपून ठेवतात, फोटो काढतात आणि पुढच्या वेळी दहा-वीस तासांतच फिल्टर पुन्हा कापतात. नखावर उचलता येतील असे तुकडे निघाले तर मात्र उड्डाण बंद.

लायकमिंगच्या तळाशी एक शोषण जाळीही असते. बरेच जण ती विसरतात, आणि मोठे तुकडे आधी तिथेच अडकतात.

प्रयोगशाळेच्या अहवालातला एकच आकडा फारसा बोलत नाही. सलग पाच-सहा अहवाल शेजारी ठेवले की बोलतो. सिलिकॉन वाढला म्हणजे धूळ आत येते आहे, एअर फिल्टर किंवा कार्ब हीटचं (कार्बोरेटरला गरम हवा देणाऱ्या सोयीचं) झाकण बघा. एका मित्राच्या अहवालात सिलिकॉन आणि लोह हातात हात घालून चढत होते. एअर फिल्टरची कड एका बाजूला बसतच नव्हती.

ऑइल किती खर्च होतं तेही लिहा: एका क्वार्टला (लिटरपेक्षा थोडं कमी) किती तास. आठ क्वार्टच्या इंजिनात आठ भरलं तर वरचं एखादं क्वार्ट ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) विमानाच्या पोटाला फासलं जातं, म्हणून हिशोब सहा-सातच्या आसपास ठेवून करा. आकडा चांगला-वाईट असण्यापेक्षा तो अचानक बदलला का, हे महत्त्वाचं.

सिलिंडर आणि कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन तपासताना सिलिंडरमध्ये ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाने हवा सोडतात आणि किती टिकते ते दुसऱ्या गेजवर बघतात. म्हणून आकडा '७४/८०' असा लिहितात. हे काम दोघांचं आहे, एकट्याने करू नये. लायकमिंगच्या या सिलिंडरचा व्यास ५.१२५ इंच, म्हणजे ८० पीएसआयला पिस्टनवर जवळपास ७५० किलोचा जोर येतो. पिस्टन नेमका वरच्या टोकाला नसेल तर प्रॉपेलर झटक्यात फिरतो. एक माणूस प्रॉपेलर घट्ट धरून, त्याच्या फिरण्याच्या कक्षेत डोकं न आणता उभा हवा.

आकड्यापेक्षा कान जास्त सांगतो. सुसकारा एक्झॉस्ट पाइपातून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून येत असेल तर इनटेक, ऑइल भरायच्या नळीतून येत असेल तर रिंगा. थोडाफार वारा रिंगांतून जाणारच. एक्झॉस्टमधून येणारा आवाज मात्र गांभीर्याने घ्या आणि बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घाला. चांगल्या व्हॉल्व्हच्या तोंडावर जळल्याचा रंग गोलात सारखा पसरलेला असतो. एकाच कडेला हिरवट-पिवळा चंद्रकोरीसारखा पट्टा दिसला तर तो व्हॉल्व्ह तिथे जळत चालला आहे.

एकदा आकडा कमी आला म्हणून सिलिंडर काढायची घाई करू नका. तासभर उडवून गरम इंजिनावर पुन्हा तपासा. कित्येकदा ५८ चा ७० होतो. लायकमिंग ६० च्या खाली काळजी करायला सांगतं. काँटिनेंटलची पद्धत वेगळी आहे: त्यात मास्टर ऑरिफिस नावाच्या उपकरणाने त्या दिवसाची किमान मर्यादा आधी मोजतात, आणि ती बरीच खाली येऊ शकते. सिलिंडर काढणं हे स्वतःच जोखमीचं काम आहे. परत बसवताना क्रँककेसचे बोल्ट योग्य टॉर्कने आवळले नाहीत तर बेअरिंग सरकते. बऱ्या चालणाऱ्या इंजिनाला हात लावून बिघडवल्याची उदाहरणं मेकॅनिक मंडळी दबक्या आवाजात सांगतात.

सकाळी थंड असताना इंजिन अडखळतं आणि दोन मिनिटांत सुरळीत होतं, असं वारंवार होत असेल तर ते लाडिक नखरे समजू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर कीट जमून तो गाइडमध्ये अडकतोय. आज तो जमिनीवर सुटला, उद्या हवेत नाही सुटला तर पुशरॉड वाकतो.

मॅग्नेटो आणि प्लग

मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, हे त्याचं बळ आणि हाच त्याचा धोका. स्विचकडे जाणारी वायर तुटली की स्विच बंद असूनही तो ठिणगी देतो. म्हणून चावी खिशात असली तरी प्रॉपेलर नेहमी जिवंतच समजायचा. दर ५०० तासांनी मॅग्नेटो उघडून तपासून घ्या. रन-अपला (टेकऑफआधीच्या इंजिन चाचणीला) प्रत्येक मॅग्नेटोवर आरपीएम किती पडतात ते वहीत टिपा. मर्यादा तुमच्या हँडबुकात आहे. मला रस असतो तो दोन्हींमधला फरक वाढतोय का, यात.

जुनी बरीच इंजिनं ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनली होती आणि ती आज निळ्या १००एलएल पेट्रोलवर चालतात; एलएल म्हणजे लो-लेड. नावात 'कमी शिसं' असलं तरी त्यात जुन्या ८० पेक्षा कितीतरी जास्त शिसं असतं. ते खालच्या प्लगमध्ये राखाडी गोळ्या होऊन बसतं. टॅक्सी करताना मिश्रण चांगलंच लीन (कमी इंधनाचं) ठेवा; इतकं, की चुकून फुल थ्रॉटल दिलात तर इंजिन अडखळावं. ५० तासांनी प्लग साफ करून वरचे खाली, खालचे वर करा. हातातून जमिनीवर पडलेला प्लग फेकून द्या.

इंधन आणि हवा

प्रत्येक उड्डाणाआधी सगळ्या निचऱ्यांतून नमुना घ्या आणि तो पांढऱ्या कशावर तरी धरून बघा. सगळाच नमुना पाणी असेल तर तोही स्वच्छच दिसतो. रंग आणि वास दोन्ही तपासा. टाकीत पाणी शिरतं ते बहुधा झिजलेल्या टोपणाच्या रबरातून. काही जुन्या सेस्नांच्या, उदाहरणार्थ १८२ च्या, पंखात रबरी पिशव्या असतात; त्यांना आत घडी पडली की पाणी त्या घडीपलीकडे अडतं, निचऱ्यापर्यंत येतच नाही, आणि नाक खाली गेलं की सुटतं. कार्ब हीटची केबल पूर्ण टोकापर्यंत जाते का तेही बघा. ओलसर हवेत बाहेर २० अंश असतानाही कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो.

केबिनमधला हीटर

यावर मी जरा हट्टी आहे. या विमानांत केबिनची ऊब मफलरभोवती गुंडाळलेल्या पत्र्यातून येते. मफलरला भेग गेली की कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या नाकाशी. त्याला वास नाही. दरवर्षी तो पत्रा काढून मफलर दाबाखाली तपासून घ्या आणि पॅनलवर आकडा दाखवणारा, आवाज करणारा डिटेक्टर लावा. रंग बदलणारी चिकटपट्टी ही समाधानापुरती.

बारीकसारीक

इंधन आणि ऑइलच्या रबरी नळ्यांना वयोमर्यादा असते. नळीवरच्या पट्टीची तारीख वाचा. वाकवून कडक लागली तर बदला. ड्राय व्हॅक्यूम पंप (जायरोची उपकरणं फिरवणारा) आतल्या कार्बनच्या पाती तुटून, काही इशारा न देता मरतो, म्हणून त्याचे तास मोजा आणि इंजिन धुताना त्यात सॉल्व्हंट जाऊ देऊ नका. कंट्रोल केबलवरून कापड फिरवा, अडकलं तिथे तार तुटली आहे. टायर, ब्रेक, पुढच्या चाकाची थरथर थांबवणारा डॅम्पर, ही कामं स्वस्तातली; ती साठवू नका.

खर्चाचा हिशोब

दोन वह्या करा. एकीत न उडताही होणारा खर्च: हँगर, विमा, वार्षिक तपासणी. दुसरीत तासागणिक होणारा: इंधन, ऑइल, आणि इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला टाकायची रक्कम. ओव्हरहॉलच्या खर्चाला उरलेल्या तासांनी भागा आणि प्रत्येक उड्डाणानंतर ती रक्कम खरोखर वेगळ्या खात्यात टाका. पहिल्या वर्षासाठी याशिवाय वेगळा राखीव पैसा हवा, कारण आधीच्या मालकाने पुढे ढकललेलं सगळं त्या पहिल्या वार्षिक तपासणीत निघतं. भागीदारीत घेतलंत तर खर्च वाटला जातो आणि विमान जास्त उडतं. भागीदार बाहेर पडला तर हिस्सा कसा मोजायचा, हे मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

तपासणीनंतरचं पहिलं उड्डाण

वार्षिक तपासणी झाली की आपण निर्धास्त होतो, आणि नेमकं तेव्हाच विमान सगळ्यात जास्त उघडलेलं-जोडलेलं असतं. त्या दिवशी प्रवासी नकोत, रात्र नको, ढग नकोत. निघण्याआधी हत्यारं मोजली का विचारा, काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) टॉर्च मारा, ऑइल फिल्टरची सेफ्टी वायर बघा, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि गळती पाहा. ट्रिमचं चाक (ज्याने नाकाचा कल ठरवतात) नाक खाली फिरवून शेपटीचा टॅब वर जातो का, हे बाहेर उतरून बघा. केबल उलट जोडल्या गेल्याने एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) उलटे चालतात, असंही घडलं आहे, आणि 'फ्री अँड करेक्ट' म्हणत नुसता योक हलवणाऱ्याला ते कळत नाही. अंगठे वर करून योक धरा आणि डावीकडे फिरवा. अंगठे ज्या पंखाकडे झुकले, त्याचा एलेरॉन वर उठलेला दिसला पाहिजे. मग उजवीकडे. मग धावपट्टीवरच्या पाटीच्या उंचीशी अल्टिमीटर जुळवून, विमानतळाच्या डोक्यावरच अर्धा तास घिरट्या, आणि उतरल्यावर काउलिंग पुन्हा एकदा उघडायचं.